सूर्य आणि जीवसृष्टी : काठी, कवडसा आणि पाण्याच्या डब्यापासून अभ्यासाची सुरुवात

अवकाशाविषयी कुतूहल निर्माण झाले की नवखा वाचक बहुधा कृष्णविवरे, दूरच्या दीर्घिका आणि विश्वाची उत्पत्ती यांच्याकडे धाव घेतो. त्यात गैर काही नाही; परंतु त्या वाटेने मिळणारी बहुतेक माहिती आपल्याला विश्वासावर स्वीकारावी लागते, कारण ती पडताळून पाहण्याचे साधन आपल्या हाती नसते. सूर्याचे तसे नाही. दिवसाढवळ्या, दुर्बिणीवाचून आणि घरातल्या साधनांनी ज्याची मोजमापे घेता येतात असा हा एकमेव तारा आहे. ‘सूर्यामुळे जीवसृष्टी आहे’ हे वाक्य तर आपण शाळेपासून इतक्या वेळा ऐकलेले असते की त्यात एक प्रश्न दडलेला आहे हेच आपण विसरून जातो. सूर्याकडून नेमके काय येते, किती येते, त्यातले सजीवांच्या वाट्याला किती जाते आणि उरलेल्याचे पुढे काय होते, हे प्रश्न क्रमाने हाताळण्याची एक पद्धत या लेखात दिली आहे. घाई न करता दोन-तीन महिन्यांत ती पूर्ण होऊ शकते.

यासाठी लागणारे साहित्य थोडेच आहे : एक मीटर लांबीची सरळ काठी, ओळंबा, मोजपट्टी, पुठ्ठा, अ‍ॅल्युमिनियमचा पातळ कागद, टाचणी, छोटा आरसा, तापमापक, पत्र्याचा चपटा डबा, काचेची बरणी, एखादी पाणवनस्पती आणि एक वही. वहीचा उल्लेख शेवटी केला असला तरी तीच सर्वांत महत्त्वाची आहे, कारण नोंद न ठेवलेले निरीक्षण महिनाभरात निरुपयोगी होते.

आधी डोळ्यांविषयी

सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी रोखून पाहू नये आणि दुर्बिणीतून, द्विनेत्रीतून किंवा कॅमेऱ्याच्या दृश्यदर्शकातून तर एक क्षणही पाहू नये. डोळ्याच्या दृष्टिपटलावर वेदना जाणवून देणारी यंत्रणा नसल्यामुळे ते भाजत असताना काहीही दुखत नाही. इजा झाल्याचे काही तासांनी लक्षात येते आणि ती कायमची असू शकते. काजळी धरलेली काच, क्ष-किरणांची फिल्म, साधे गॉगल किंवा पाण्यातले प्रतिबिंब यांपैकी काहीही सुरक्षित नाही. आयएसओ १२३१२-२ या मानकानुसार बनवलेले आणि कोठेही ओरखडा नसलेले सौरचष्मे वापरता येतात, मात्र ते घालून दुर्बिणीतून पाहणे हाही तितकाच मोठा धोका आहे. या लेखातल्या एकाही प्रयोगात सूर्याकडे पाहण्याची गरज नाही. प्रत्येक वेळी सूर्याकडे पाठ करून त्याने टाकलेली सावली, कवडसा किंवा त्याने तापवलेले पाणी एवढेच पाहायचे आहे.

पहिली पायरी : शंकू

सपाट जमिनीवर उभी रोवलेली काठी हे खगोलशास्त्रातले सर्वांत जुन्या साधनांपैकी एक असून आपल्याकडच्या ज्योतिषग्रंथांत तिला शंकू म्हटले आहे. काठी ओळंब्याने तपासून अगदी उभी करावी. ती थोडी जरी कललेली असली तरी पुढची सारी मापे चुकतात. मी स्वतः पहिल्या वेळी डोळ्यांच्या अंदाजावर विसंबून काठी रोवली होती आणि आठवडाभराच्या नोंदी वाया घालवल्या होत्या.

सकाळी साडेनऊच्या सुमारास सावलीचे टोक जेथे असेल तेथपर्यंतचे अंतर त्रिज्या धरून काठीच्या बुंध्याभोवती एक वर्तुळ काढावे आणि त्या टोकावर खूण करावी. दुपारपर्यंत सावली आखूड होत जाईल आणि नंतर पुन्हा वाढत जाऊन तिसऱ्या प्रहरी तिचे टोक वर्तुळाला दुसऱ्या बाजूने स्पर्श करील. तेथे दुसरी खूण करून दोन्ही खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळते आणि तिला बुंध्यातून काढलेला लंब ही खरी दक्षिणोत्तर रेषा असते. होकायंत्र चुंबकीय उत्तर दाखवते, काठी भौगोलिक उत्तर दाखवते. या दोहोंतला फरक पाहणे हाही एक लहानसा बोनस आहे.

आता सावली या दक्षिणोत्तर रेषेवर येईल त्या क्षणी घड्याळात किती वाजले आहेत ते नोंदवावे. बहुधा बारा वाजलेले नसतील, आणि येथेच पुष्कळ नवखे लोक आपले काहीतरी चुकले असे समजून प्रयोग सोडून देतात. घड्याळ एका ठरावीक रेखावृत्ताची वेळ दाखवते. आपण त्या रेखावृत्तापासून जितके अंश पूर्वेला किंवा पश्चिमेला असू तितके, दर अंशाला ४ मिनिटे या हिशेबाने, स्थानिक मध्यान्ह आधी किंवा नंतर होते. त्याखेरीज पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार असल्यामुळे आणि तिचा अक्ष कललेला असल्यामुळे सूर्य वर्षभर सरासरी घड्याळाच्या मागेपुढे होत राहतो. नोव्हेंबरच्या आरंभी तो सुमारे १६ मिनिटे पुढे असतो, तर फेब्रुवारीच्या मध्यास सुमारे १४ मिनिटे मागे. आठवड्यातून एकदा मध्यान्हीची वेळ नोंदवत गेल्यास हा फरक काही महिन्यांतच वहीत उमटू लागतो.

जीवसृष्टीच्या दृष्टीने मात्र सावलीची वेळ नव्हे, तर लांबी महत्त्वाची आहे. काठीइतकीच सावली पडली तर सूर्य क्षितिजापासून ४५ अंश वर असतो. सावली काठीच्या निम्मी असेल तर तो सुमारे ६३ अंशांवर, आणि १०० सेंटिमीटरच्या काठीची सावली १७३ सेंटिमीटर असेल तर ३० अंशांवर असतो. सूर्य ३० अंशांवर असताना तेवढाच प्रकाश डोक्यावरच्या सूर्याच्या तुलनेत दुप्पट जमिनीवर पसरतो, म्हणजे जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला निम्माच मिळतो. शिवाय त्याला वातावरणाच्या सुमारे दुप्पट जाडीतून यावे लागते, ती घट निराळी. सकाळचे ऊन कोवळे आणि दुपारचे कडक का, याचे उत्तर एवढेच आहे, आणि हिवाळा व उन्हाळा यांचे उत्तरही मुख्यतः हेच आहे. पृथ्वीचा अक्ष सुमारे २३.४ अंशांनी कललेला असल्यामुळे वर्षभरात मध्यान्हीच्या सूर्याची जागा दक्षिणोत्तर दिशेत ४७ अंशांच्या पल्ल्यात बदलते आणि दिवसाची लांबीही तिच्याबरोबर कमीजास्त होते.

पृथ्वी सूर्याच्या जवळ गेली की उन्हाळा येतो, हा समज फार चिवट आहे. वस्तुस्थिती अशी की पृथ्वी सूर्यापासून सर्वांत जवळ, म्हणजे सुमारे १४.७१ कोटी किलोमीटरवर, जानेवारीच्या आरंभी असते आणि सर्वांत दूर, म्हणजे सुमारे १५.२१ कोटी किलोमीटरवर, जुलैच्या आरंभी असते. या फरकामुळे पृथ्वीला मिळणाऱ्या ऊर्जेत जेमतेम ७ टक्क्यांचा बदल होतो. अंतर हेच ऋतूंचे कारण असते तर दोन्ही गोलार्धांत एकाच वेळी हिवाळा आला असता.

दुसरी पायरी : कवडसा

झाडाखाली पडणारे कवडसे गोल का असतात, हा प्रश्न एकदा मनात आला की पुढचे सोपे आहे. पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या असतात, तरी जमिनीवरचे ठिपके गोल किंवा लंबगोल दिसतात, कारण प्रत्येक ठिपका ही फटीची आकृती नसून सूर्याची प्रतिमा असते. खंडग्रास ग्रहणात हेच ठिपके कोरीच्या आकाराचे होतात.

पुठ्ठ्याला खिडकी कापून तीवर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ कागद चिकटवावा आणि त्याला टाचणीने सुमारे एक मिलिमीटर व्यासाचे छिद्र पाडावे. छिद्रातून आलेला प्रकाश बरोबर दोन मीटर अंतरावरच्या पांढऱ्या कागदावर लंबरूप पाडला, तर १९ ते २० मिलिमीटर व्यासाची प्रतिमा मिळते; तीतून छिद्राचा व्यास वजा करावा. प्रतिमेचा व्यास आणि तिचे छिद्रापासूनचे अंतर यांचे गुणोत्तर सुमारे एकास १०७ ते १०८ येईल. हेच गुणोत्तर सूर्याचा व्यास आणि सूर्याचे अंतर यांमध्येही असते. अंतर मात्र येथे उसने घ्यावे लागते. ते ठरवण्यासाठी १७६१ आणि १७६९ मध्ये शुक्राच्या अधिक्रमणांच्या वेळी, म्हणजे शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना दिसला तेव्हा, अनेक देशांच्या निरीक्षकांनी दूरदूरचे प्रवास केले होते. आज खगोलीय एकक, म्हणजे पृथ्वी आणि सूर्य यांच्यातले साधारण सरासरी अंतर, १४,९५,९७,८७०.७ किलोमीटर एवढे निश्चित केलेले आहे. त्याला १०७.५ने भागल्यास सूर्याचा व्यास सुमारे १३.९ लाख किलोमीटर येतो. एक टाचणी आणि एक मोजपट्टी यांच्या जोरावर हे उत्तर पाच टक्क्यांच्या आत मिळते, याचे मला आजही नवल वाटते.

मोठी प्रतिमा हवी असल्यास आरसा वापरावा. छोट्या आरशावर जाड कागद चिकटवून मध्ये पाच-सहा मिलिमीटरची मोकळी जागा ठेवावी आणि परावर्तित कवडसा अंधाऱ्या खोलीतल्या भिंतीवर दहा-पंधरा मीटर अंतरावरून पाडावा. दहा मीटरला सुमारे ९ सेंटिमीटरची प्रतिमा मिळते. कवडसा कोणाच्या डोळ्यांवर जाणार नाही याची काळजी घ्यावी. सूर्यावर एखादा मोठा डाग असेल तर तो अंधूक का होईना, दिसण्याची शक्यता असते, आणि रोज पाहिल्यास तो सरकताना दिसतो; एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाण्यास त्याला सुमारे तेरा दिवस लागतात. या डागांच्या संख्येत चक्र असल्याचे (आज ते सरासरी सुमारे ११ वर्षांचे मानतात) हाइनरिख श्वाबे यांनी १८४३ मध्ये दाखवले आणि डागांमध्ये प्रबळ चुंबकीय क्षेत्र असल्याचे जॉर्ज हेल यांनी १९०८ मध्ये सिद्ध केले. सौरडागांचा विषय आकर्षक आहे, परंतु जीवसृष्टीच्या ऊर्जेच्या हिशेबात या चक्राचा वाटा फारच लहान, हजारातल्या एका भागाच्या आसपास असल्यामुळे येथे तो इतकाच पुरे.

व्यास आणि अंतर हाती आल्यावर एक प्रतिकृती करून पाहावी. एक सेंटिमीटर म्हणजे एक लाख किलोमीटर असे प्रमाण धरले तर सूर्य १४ सेंटिमीटरचा चेंडू होतो, पृथ्वी त्यापासून १५ मीटर दूर असलेला सव्वा मिलिमीटरचा कण होतो, आणि चंद्र त्या कणापासून चार सेंटिमीटरच्याही आत राहतो. नेपच्यून सुमारे ४५० मीटरवर येतो. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा मात्र याच प्रमाणात सुमारे ४,००० किलोमीटर दूर ठेवावा लागेल. आता चेंडूपाशी उभे राहून त्या कणाकडे पाहावे. चेंडूतून सर्व दिशांना जाणाऱ्या प्रकाशापैकी त्या कणाने अडवलेला भाग सुमारे २२० कोटींत एक एवढाच असतो. जमिनीवरची आणि समुद्रातली जवळजवळ सारी सजीव सृष्टी त्या एका भागाच्याही लहानशा हिश्श्यावर चालते.

तिसरी पायरी : उन्हाचे मोजमाप

हा टप्पा सर्वांत कष्टाचा आहे, आणि माझ्या मते सर्वांत फलदायीही. सूर्याची ऊर्जा पाण्याच्या साहाय्याने मोजण्याचा प्रयत्न क्लोद पुइये या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३० च्या दशकात केला होता. त्याच्या उपकरणाचे तत्त्व घरीही वापरता येते.

दहा सेंटिमीटर लांब, दहा सेंटिमीटर रुंद आणि दोन सेंटिमीटर जाड असा पत्र्याचा चपटा डबा घ्यावा. त्यात २०० मिलिलिटर पाणी मावते. त्याची एक मोठी बाजू निस्तेज काळ्या रंगाने रंगवावी आणि उरलेल्या बाजू थर्मोकोलने किंवा कापसाने झाकाव्यात. काळी बाजू सूर्याकडे अचूक वळवण्यासाठी तिच्या कडेला एक टाचणी काटकोनात उभी चिकटवावी. टाचणीची सावली नाहीशी झाली की डबा सूर्यासमोर बरोबर आला असे समजावे. या युक्तीमुळे सूर्याकडे पाहावे लागत नाही.

निरभ्र दिवशी मध्यान्हाच्या आसपास, सभोवतालच्या हवेपेक्षा दोन-तीन अंश थंड पाणी भरून ते हलवावे, तापमान नोंदवावे, डबा दहा मिनिटे उन्हात ठेवावा आणि पाणी पुन्हा हलवून तापमान घ्यावे. पाणी हवेपेक्षा थंड असताना डबा हवेकडून उष्णता घेतो आणि गरम झाल्यावर देतो. हवेच्या तापमानाच्या थोडे खाली सुरुवात करून तेवढेच वर थांबल्यास या दोन चुका बव्हंशी एकमेकींना खोडून काढतात. एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवण्यास सुमारे ४.१८ ज्यूल ऊर्जा लागते. समजा, तापमान ५ अंशांनी वाढले. तर ऊर्जा झाली २०० × ४.१८ × ५, म्हणजे ४,१८० ज्यूल. तिला ६०० सेकंदांनी भागल्यास सुमारे ७ वॅट येतात आणि डब्याची बाजू एका चौरस मीटरच्या शंभराव्या भागाएवढी असल्यामुळे दर चौरस मीटरला सुमारे ७०० वॅट असा निष्कर्ष निघतो. निरभ्र आकाशात, माथ्याजवळच्या सूर्याखाली खरा आकडा १,००० वॅटच्या आसपास असतो. आपले उत्तर कमी का आले, याची कारणे वहीत लिहून काढावीत. पत्र्याने शोषलेली उष्णता, रंगावरून परतलेला प्रकाश, वाऱ्याने नेलेली ऊब अशी यादी करता करता मोजमाप म्हणजे काय हे जितके कळते तितके ते अचूक उत्तर मिळाल्यानेही कळत नाही.

वातावरणाच्या वर हाच आकडा दर चौरस मीटरला सुमारे १,३६१ वॅट असतो. सूर्याभोवती पृथ्वीच्या अंतराएवढ्या त्रिज्येचा गोल कल्पून त्याच्या प्रत्येक चौरस मीटरवर एवढी ऊर्जा पडते असे धरले की सूर्याची एकूण शक्ती मिळते. ती ३८३ या आकड्यापुढे चोवीस शून्ये इतके वॅट आहे. एवढी ऊर्जा येते कोठून, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाला सुटला नव्हता. संपूर्ण सूर्य दगडी कोळशाचा असता तर साधारण पाच हजार वर्षांत जळून संपला असता. तो स्वतःच्या भाराने आकसत असल्यामुळे तापतो, असे मानून लॉर्ड केल्व्हिन यांनी काढलेले वय काही कोटी वर्षांचेच होते, आणि खडक व जीवाश्म तर त्याहून कितीतरी मोठा काळ सांगत होते. आर्थर एडिंग्टन यांनी १९२० मध्ये हायड्रोजनपासून हेलियम होण्याची शक्यता पुढे मांडली. मेघनाद साहा यांनी त्याच सुमारास मांडलेल्या आयनीभवनाच्या, म्हणजे तापलेल्या अणूंतून इलेक्ट्रॉन सुटण्याच्या, समीकरणाचा आधार घेऊन सेसिलिया पेन यांनी १९२५ मध्ये तारे मुख्यतः हायड्रोजनचे असल्याचे दाखवले, आणि हान्स बेथ यांनी १९३९ मध्ये ताऱ्यांतल्या केंद्रकीय अभिक्रियांचा तपशील मांडला. सूर्याच्या गाभ्यात सुमारे दीड कोटी अंश तापमानाला दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचे हेलियम होते आणि त्यातले सुमारे ४२ लाख टन वस्तुमान ऊर्जेत रूपांतरित होते. हे ऐकताना सूर्य लवकरच संपेल अशी धास्ती वाटते, परंतु तो सुमारे ४६० कोटी वर्षे असाच तळपत आला आहे आणि त्याच्या गाभ्यात आणखी सुमारे ५०० कोटी वर्षांपुरते इंधन आहे. जीवसृष्टीला ऊर्जेइतकीच या संथ, दीर्घ सातत्याचीही गरज होती.

चौथी पायरी : पाण्यातले बुडबुडे

डब्यातले पाणी तापते आणि संध्याकाळी निवते. त्या उन्हाचे काहीच शिल्लक राहत नाही. हिरवे पान त्याच उन्हातला थोडा भाग साठवून ठेवते. वनस्पती दूषित हवा पुन्हा श्वसनयोग्य करतात हे जोसेफ प्रीस्टली यांच्या लक्षात आले होते, पण त्यासाठी प्रकाश आवश्यक असतो आणि हे काम फक्त हिरवे भाग करतात, हे यान इंगनहाउस यांनी १७७९ मध्ये दाखवले. त्यांनी पाण्यात बुडवलेल्या पानांवरचे बुडबुडे पाहिले होते. आपणही तेच पाहणार आहोत.

हायड्रिलासारख्या पाणवनस्पतीची ताजी फांदी पाण्याखालीच कापून, कापलेले टोक वर येईल अशी काचेच्या बरणीत ठेवावी. पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा विरघळवावा, म्हणजे वनस्पतीला कार्बन डायऑक्साइडचा तुटवडा पडत नाही. बरणी उन्हात ठेवल्यावर काही मिनिटांत कापलेल्या टोकातून बुडबुडे सुटू लागतात. दर मिनिटाला किती सुटतात ते पाच मिनिटे मोजावे, मग बरणी सावलीत नेऊन पुन्हा मोजावे, आणि त्यानंतर ती काळ्या कापडाने झाकावी. प्रत्येक बदलानंतर वनस्पतीला पाच मिनिटे स्थिरावू द्यावे. भर उन्हात पाणी तापून विरघळलेली हवाही बाहेर पडते आणि मोजणीत घोळ करते. म्हणून शेजारी वनस्पतीविना तेवढेच पाणी भरलेली दुसरी बरणी ठेवणे अगत्याचे आहे. बुडबुडे सारख्या आकाराचे नसतात, त्यामुळे ही मोजणी ढोबळच समजावी.

यानंतर बरणीभोवती लाल, निळा आणि हिरवा पारदर्शक रंगीत कागद आळीपाळीने गुंडाळावा. हरितद्रव्य मुख्यतः लाल आणि निळा प्रकाश शोषते आणि हिरव्याचा बराचसा भाग परतवून लावते, त्यामुळे हिरव्या कागदाआड बुडबुडे मंदावण्याची अपेक्षा असते. बाजारातले रंगीत कागद इतर रंगही थोडेफार सोडतात, तेव्हा फरक अपेक्षेपेक्षा कमी दिसला तर निराश होऊ नये.

बुडबुड्यांतला ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधून आलेला नसून पाण्याच्या रेणूंच्या विघटनातून आलेला असतो, हे १९४१ मध्ये ऑक्सिजनच्या जड समस्थानिकाच्या, म्हणजे त्याच मूलद्रव्याच्या जास्त वजनाच्या अणूंच्या, साहाय्याने दाखवले गेले. प्रकाशाच्या बळावर पाणी फोडायचे, त्यातला हायड्रोजन कार्बन डायऑक्साइडशी जोडून शर्करा तयार करायची आणि ऑक्सिजन सोडून द्यायचा, असा हा व्यवहार आहे. त्यात साठणारी ऊर्जा आश्चर्य वाटावे इतकी कमी असते. शेतातल्या पिकांमध्ये ती पडलेल्या सूर्यप्रकाशाच्या एक-दोन टक्क्यांपलीकडे सहसा जात नाही. पानांवर जगणाऱ्या प्राण्याच्या शरीरात त्यातला सुमारे दहावा भाग उतरतो आणि त्या प्राण्यावर जगणाऱ्याच्या वाट्याला त्याचाही दहावा. म्हणूनच रानात गवत उदंड, हरणे बेताची आणि वाघ मोजके असतात.

सोडून दिलेल्या ऑक्सिजनने मात्र पृथ्वीचा चेहराच बदलला. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी सूक्ष्मजीवांनी निर्माण केलेला ऑक्सिजन वातावरणात साठू लागला, आणि त्यातूनच पुढे ओझोनचा थर तयार झाला. सूर्याच्या अतिनील किरणांपैकी सर्वांत घातक भाग हा थर आणि ऑक्सिजन मिळून वरच्या वरच अडवतात. सूर्य जीवन पोसतो हे जितके खरे, तितकेच त्याच्या प्रकाशातला एक भाग जीवनाला मारक आहे हेही खरे. आणि त्यापासूनचे संरक्षण जीवसृष्टीने त्याच सूर्याच्या ऊर्जेवर उभारले आहे.

सारे जीवन सूर्यावरच अवलंबून आहे का, असा प्रश्न चिकित्सक वाचकाने येथे विचारायला हवा. १९७७ मध्ये गॅलापागोस बेटांजवळ खोल समुद्राच्या तळाशी उष्ण पाण्याच्या झऱ्यांभोवती जिवांची दाट वस्ती आढळली. तेथे सूर्यप्रकाश पोहोचत नाही. तेथील जीवाणू हायड्रोजन सल्फाइडसारख्या रसायनांतून ऊर्जा मिळवतात. तरीही त्यांतले पुष्कळ जीव समुद्राच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात, आणि तो ऑक्सिजन वरच्या उजेडातल्या प्रकाशसंश्लेषणातून आलेला असतो. ऑक्सिजनशिवायच जगणारे काही सूक्ष्मजीव मात्र खरोखर स्वतंत्र आहेत. म्हणून ‘सारे’ या शब्दाऐवजी ‘जवळजवळ सारे’ असे लिहिणे अधिक बरोबर.

पाचवी पायरी : शेजाऱ्यांशी तुलना

या पायरीला साधन लागत नाही, फक्त आकडे शेजारी मांडायचे आहेत. अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथाई होतो, या नियमाने मंगळाला पृथ्वीच्या ४३ टक्के आणि शुक्राला सुमारे १.९ पट सूर्यप्रकाश मिळतो. शुक्राच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ४६५ अंश सेल्सिअस आहे, मंगळावर सरासरी उणे ६० अंशांच्या आसपास. एवढे वाचून ‘पृथ्वी योग्य अंतरावर आहे’ असे म्हणण्याचा मोह होतो. तेव्हा चंद्राची आठवण ठेवावी. चंद्र सूर्यापासून सरासरी पृथ्वीइतकाच दूर आहे आणि त्याच्या प्रत्येक चौरस मीटरला तेवढेच ऊन मिळते, परंतु तेथे विषुववृत्तावर दुपारी सुमारे १२० अंश आणि रात्री उणे १३० अंशांच्याही खाली तापमान जाते. अंतर सारखे असूनही जो फरक पडतो, तो हवेमुळे आणि पाण्यामुळे. पृथ्वी आलेल्या प्रकाशापैकी सुमारे ३० टक्के तसाच परतवते. उरलेल्याच्या हिशेबाने तिचे तापमान उणे १८ अंशांच्या आसपास असायला हवे, परंतु बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड यांसारखे वायू बाहेर जाणारी उष्णता काही काळ रोखून धरत असल्यामुळे पृष्ठभागाची सरासरी सुमारे १५ अंश राहते. शुक्रावर हेच पांघरूण प्रमाणाबाहेर जाड झाले आहे.

सहावी पायरी : रात्रीची नोंद

सूर्याचा अभ्यास सूर्यास्ताला थांबवू नये, कारण हिशेबाची दुसरी बाजू रात्री दिसते. पृथ्वी सूर्याकडून जितकी ऊर्जा घेते, जवळजवळ तितकीच ती अवकाशाला परत करते. तसे नसते तर ती तापतच गेली असती. मग सजीव जगतात कशावर? येणारी ऊर्जा सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस तापलेल्या पृष्ठभागावरून निघालेली असते आणि जाणारी ऊर्जा थंड पृथ्वीवरून अवरक्त किरणांच्या रूपाने जाते. प्रकाश कणांच्या रूपात मोजला तर सूर्याकडून आलेल्या एका कणामागे पृथ्वी सुमारे वीस कण बाहेर सोडते. ऊर्जा तेवढीच, पण चिल्लर झालेली. एका मोठ्या नोटेची सुटी नाणी होताना मध्ये जो व्यवहार करता येतो, त्यावर पान वाढते, वारा वाहतो आणि पाण्याची वाफ होऊन ढग बनतात.

ही परतफेड पाहण्यासाठी वारा नसलेली निरभ्र रात्र निवडावी. तिसऱ्या पायरीतल्या डब्यासारखे दोन काळे पत्रे घ्यावेत, एक उघड्यावर आणि दुसरा पडवीच्या किंवा दाट झाडाच्या आडोशाला, दोन्ही जमिनीपासून सारख्या उंचीवर, खाली थर्मोकोलचा तुकडा घालून ठेवावेत. पहाटे सूर्योदयापूर्वी दोन्हींचे तापमान घ्यावे आणि दोन्हींवरून बोट फिरवून पाहावे. हवेत पुरेसा ओलावा असेल तर उघड्यावरच्या पत्र्यावर दव जमलेले असते आणि आडोशाचा पत्रा कोरडा असतो, कारण उघड्या पत्र्याने आपली उष्णता थेट आकाशाला दिलेली असते आणि आडोशाच्या पत्र्याला वरचे छप्पर काही उष्णता परत देत राहते. हीच नोंद ढगाळ रात्री पुन्हा घ्यावी. तेव्हा दोन्ही पत्र्यांतला फरक बराच कमी झालेला आढळेल. तारीख, आकाशाची स्थिती, हवेचे तापमान आणि पत्र्यांचे तापमान असे चार रकाने आखून ही नोंद त्याच पानावर, त्या दिवशीच्या मध्यान्ह सावलीच्या लांबीशेजारी लिहावी.